सतरा मिनिटांत सरळ झालेली मान

"बघा, बघा! तोंड दाखवतोय! आला बाहेर!"

पत्र्याच्या त्या जुन्या गोदामात तीनेकशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून मागचे बाकांवर चढले. पुढे फळ्यांच्या चौथऱ्यावर खुर्चीत एक बावीस वर्षांचा मुलगा बसवला होता. त्याची मान डावीकडे अशी पिळली गेली होती, की हनुवटी खांद्याला टेकली होती. बुबुळं वर चढलेली, डोळ्यांत नुसतं पांढरं. जबडा एका अंगाला सरकलेला, जीभ बाहेर. तो काहीतरी बोलायला बघत होता, पण घशातून घोगरा आवाज तेवढा निघत होता.

"घाबरायचं नाही," चौथऱ्यावरचा माणूस शांतपणे म्हणाला. "हा आपला पोरगा बोलत नाहीये. आतला भाडेकरू बोलतोय. नोटीस पोचलीय त्याला!"

हा माणूस म्हणजे मोकळेकाका. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. माणसं मोकळी करतात म्हणून मोकळेकाका. दाढी नाही, माळा नाहीत, अंगारा नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहरा एखाद्या कचेरीतल्या हेडक्लार्कचा. लोकांना तेच पटायचं. "काका देवाचं नाव घेत नाहीत आणि पैशाला हात लावत नाहीत," असं लोक एकमेकांना सांगायचे. जसं काही माणसाला फसवायच्या तेवढ्या दोनच तऱ्हा आहेत!

"शरीर म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"घर!" गोदामाने उत्तर दिलं.

"दार उघडं राहिलं की कोण शिरतो?"

"भाडेकरू!"

"भाडं देतो का? नाही. जागा सोडतो का? नाही. मग आपण कायद्यानं चालायचं. आधी नोटीस. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आपलं पाणी. पाणी पोटात गेलं की हा चवताळतो, तोंड दाखवतो. तोंड दाखवलं की काय?"

"ताबा!"

तिसऱ्या खांबाला टेकून एक बासष्ट वर्षांची बाई हे सगळं बघत होती. खुर्चीतला मुलगा तिचा सख्खा भाचा. सरकारी इस्पितळाच्या मनोरुग्ण वॉर्डात एकतीस वर्षं काढून ती मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती. गल्लीत तिला सिस्टर म्हणत, भावाच्या घरी आत्या. सकाळी वहिनीचाच फोन आला होता: "वन्सं, आज याच तुम्ही. तुमच्या डॉक्टरला जमलं नाही ते काकांनी तीन दिवसांत करून दाखवलंय. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

आत्या बघत होती. आणि तीही घाबरली होती, पण भाडेकरूला नव्हे.

असल्या माना तिने शंभर तरी पाहिल्या होत्या. मनाच्या आजारावरची काही औषधं अशी असतात, की डोस जरा जास्त झाला, त्यातून पेशंट तरुण मुलगा असला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान पिळते, डोळे वर चढतात, जीभ आखडते. दिसायला भयंकर, पण वॉर्डात कुणी "आला, आला" म्हणून ओरडत नसे. ड्यूटीवरची नर्स ट्रे आणायची, एक इंजेक्शन द्यायची आणि घड्याळ बघायची.

"आता वाट करून देऊ," काका म्हणाले. त्यांनी मुलाच्या खांद्यांवर जाड करडी शाल टाकली आणि डबीतला एक लांब काटा काढून लोकांना दाखवला. "हा काटा. साधा. याच्या टोकाएवढी वाट त्याला पुरते."

हात शालीखाली गेले. शाल जरा हलली. आत्याला आत काय चाललंय ते दिसलं नाही, पण काकांच्या दोन्ही कोपरांची हालचाल दिसली, आणि ती तिला पाठ होती. डाव्या हाताने दंडाची कातडी ताणून धरायची, उजव्याने टोचायचं, दोन सेकंद थांबायचं, मग अंगठा सावकाश दाबत न्यायचा. काटा टोचायला अंगठा दाबावा लागत नाही.

नकळत तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सवयच ती.

सतरा मिनिटांनी भाच्याची मान सुटली. आधी जबडा जागेवर आला, मग डोळे खाली उतरले, मग हनुवटी हळूहळू समोर आली. घामाघूम झालेला मुलगा "पाणी" म्हणाला आणि गोदाम दणाणून गेलं. वहिनी चौथऱ्याच्या कडेला बसून ढसाढसा रडत होती. भाऊ काकांसमोर हात जोडून उभा होता. बस डेपोत टाइमकीपर असलेला हा माणूस, मिनिटाच्या उशिराबद्दल ड्रायव्हरला शंभर प्रश्न विचारणारा. काकांना त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

आणि आत्या? आत्याही गप्प राहिली.

का, ते कळायला चार महिने मागे जावं लागेल.

भाचा एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. हुशार, कमी बोलणारा, थोडा लाजरा. हळूहळू तो डबा परत आणायला लागला. मग अंघोळ सुटली. मग त्याने आपल्या खोलीच्या खिडकीच्या फटींत कागदाचे बोळे कोंबले. "यंत्र चालू झालं की त्याच्या आवाजाआडून ते माझ्याबद्दल बोलतात," असं तो एकदा आत्याला म्हणाला. "कोण ते?" "दोघंजण. एक म्हणतो, हा नालायक आहे. दुसरा म्हणतो, अजून थोडं थांबू या." हे सांगताना तो हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही.

आत्याने त्याला आपल्या जुन्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तासभर त्याच्याशी बोलल्या. झोप कशी आहे, आवाज कधी येतात, तुझ्याशी बोलतात की तुझ्याविषयी, काही कर म्हणून सांगतात का, कसली नशा करतोस का. रक्त तपासलं, कारण थायरॉइड बिघडला तरी डोकं असं वागू शकतं. मग भावाला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं: "याला सायकोसिस म्हणतात. सहा महिने लक्ष ठेवू, मगच आजाराचं पक्कं नाव ठरवू. मेंदूचा आजार आहे. तुमच्या वागण्याने झालेला नाही, त्याच्या आळसाने झालेला नाही. औषधाने बहुतेकांना उतार पडतो. पण मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही."

गोळी दिली ती अगदी कमी ताकदीची. सोबत दुसरी छोटी, मान-जीभ आखडू नये म्हणून.

आठव्या दिवशी वहिनीने दोन्ही पाकिटं मोरीत ओतली. "पोरगा दिवसभर झोपतोय. माझा मुलगा वेडा नाही. गोळ्या खाऊनच माणसं वेडी होतात, सगळ्यांना माहीत आहे." आत्याने समजावलं, विनवलं, भांडलीसुद्धा. भाऊ शेवटी म्हणाला, "ताई, तू एकतीस वर्षं त्या लोकांत काढलीस, तुला सगळीकडे तेच दिसतं." या वाक्यानंतर आत्या महिनाभर त्यांच्या घरी गेली नव्हती.

म्हणून त्या दिवशी ती गप्प राहिली. आधी तिला वाटलं होतं, सरळ चौथऱ्यावर चढावं आणि शाल ओढावी. पण गोदामातून ती भावाच्या घरी गेली आणि तिथे भाचा जेवत होता. स्वतःच्या हाताने, सगळ्यांबरोबर बसून. "आत्या," तो म्हणाला, "आवाज लांब गेलेत. शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसे."

चार महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्या डोळ्यांकडे बघून बोलला होता.

फडताळात काकांच्या पाण्याची बाटली उभी होती. आत्याने ती उजेडात धरली, वास घेतला, थेंबभर जिभेवर ठेवला. रंग नाही, वास नाही, चव नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळीतून दिलं होतं त्या औषधाचे थेंब असेच असतात; हट्टी पेशंटला पाण्यातून द्यायला म्हणूनच बरे पडतात. तिला हसावं की रडावं कळेना. ज्या घराने औषध मोरीत ओतलं, तेच घर आता तेच औषध सकाळ-संध्याकाळ हात जोडून पाजत होतं.

दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. एका लहान शिशीत थोडं पाणी नेलं होतं.

"आजच्या आज सांगा त्यांना," बाई म्हणाल्या.

"सांगितलं तर पाणी बंद करतील. आणि तुमच्याकडेही येणार नाहीत."

"सिस्टर, त्या बाटलीत किती थेंब आहेत, तुम्हाला माहीत आहे? त्या माणसाला तरी माहीत आहे? उद्या ताप चढून पोरगा लाकडासारखा आखडला तर? आणि हा बाबाजी कधी थांबवणार? कसं थांबवणार? हळूहळू कमी करणार, की एकदम?"

"औषध पोटात जातंय ना, बाई," आत्या म्हणाली. "कसं का जाईना."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे तुम्ही बोलताय?"

आत्या म्हणाली, "थोडे दिवस. जरा सावरू दे त्याला. मग मी सांगते." बाईंनी शिशी तपासणीसाठी ठेवून घेतली.

थोडे दिवस म्हणता म्हणता पाच आठवडे गेले. भाचा कामावर जायला लागला. खिडकीतले बोळे त्याने स्वतः काढले. दर गुरुवारी काका त्याला चौथऱ्यावर उभा करत आणि विचारत, "आता घरात कोण राहतं?" तो म्हणे, "मी." गोदाम टाळ्या वाजवी. त्याच्याकडे बघून आणखी लोक येत. झोप न लागणारी बाई, छातीत धडधड होऊन आता मेलोच असं वाटणारा दुकानदार, बाळंतपणानंतर रडं न थांबणारी सून. सगळ्यांना एकच पाणी. प्रत्येकाचा आजार वेगळा, प्रत्येकाला उपायही वेगळा हवा होता. डॉक्टरीणबाईंना एकेका पेशंटसाठी तास लागत होता. काकांना मिनिटही लागत नव्हतं, कारण त्यांच्याकडे रोग एकच होता. ज्याची मान पिळायची, तो चौथऱ्यावर. ज्याची पिळत नसे, त्याला काका सांगत, "तुझा भाडेकरू बुजरा आहे. पाणी वाढव."

सहाव्या गुरुवारी काकांनी भाच्याच्या हातात एक पितळी किल्ली दिली. "ताबा पूर्ण! आजपासून पाणी बंद. आता फक्त एक लक्षात ठेव. परत कुणी शिरलं, तर दार तूच उघडलंस असं समजायचं. मग माझ्याकडे यायचं नाही. ती तुझी लबाडी."

केवढी सोय! बरा झाला तर काकांमुळे, आजार उलटला तर स्वतःमुळे.

घरी परतताना आत्या भावाला म्हणाली, "अजून थोडे दिवस पाणी चालू ठेवू या का? माझ्याकडे आहे थोडं."

"घर मोकळं झाल्यावर नोटीस कशाला, ताई?" भाऊ हसून म्हणाला.

तिथेच सांगायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण वहिनी पुढे चालत होती, लेकाच्या दंडाला धरून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा केसांना नीट तेल लावून, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून सांगत होती, "बरा झाला हो माझा." आत्या म्हणाली, "बरं."

आवाज परत आले ते अठराव्या दिवशी.

भाच्याने कुणालाही सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगितलं असतं तर दार त्यानेच उघडलेलं ठरलं असतं. तो नेमाने डबा खात राहिला, विचारलं की "बरा आहे" म्हणत राहिला, खिशातली किल्ली चाचपत राहिला. आवाज आता त्याच्याविषयी बोलत नव्हते. त्याला हुकूम देत होते. ज्या हाताने दार उघडलंस तो हात दे, म्हणजे जातो, असं ते म्हणत होते. चोविसाव्या दिवशी, भर सकाळी साडेदहा वाजता, छापखान्यातली सगळी माणसं आपापल्या कामात असताना, त्याने उजवा हात कागदाच्या थप्पीवर ठेवला आणि पायाचा खटका दाबला.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर भाऊ डोकं धरून बसला होता. वहिनी रडत नव्हती. ती म्हणाली, "काकांकडे न्यायला हवं. त्याने स्वतःच भाडेकरूला परत बोलावलं. पाया पडू, माफी मागू, पण न्यायला हवं."

मग आत्याने सांगितलं. सगळं. बाकासमोर उभं राहून, एखादा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. पाण्यात हॅलोपेरिडॉल नावाचं औषध होतं. आवाज लांब गेले ते त्याने. मान वाकडी झाली तीही त्यानेच, डोस जास्त पडल्यामुळे. शालीखाली काटा नव्हता, इंजेक्शनची सुई होती, आणि मान सरळ झाली ती इंजेक्शनने. रोगही काकांचाच, उताराही काकांचाच. काकांनी औषध एकदम बंद केलं म्हणून आजार उलटला. "आणि हे तेच औषध आहे," ती वहिनीला म्हणाली, "तुम्ही मोरीत ओतलंत ते."

 वहिनीने विचारलं, "वन्सं, तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मान बघितली तेव्हाच."

"पहिल्या दिवशी."

"हो."

"आम्ही अडाणी," वहिनी म्हणाली. "आम्हाला कळलं नाही म्हणून आम्ही पाजलं. तुम्हाला कळत होतं." ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. भावाने मान वर केलीच नाही.

पुढच्या गुरुवारी गोदामात नेहमीसारखीच गर्दी होती. या वेळी खुर्चीत एकोणीस वर्षांची मुलगी होती. परीक्षेत नापास झाल्यापासून तिने अंथरूण सोडलं नव्हतं, जेवण टाकलं होतं, जगून काय करायचं असं म्हणत होती. आजार वेगळा, पण पाणी तेच. आता तिची मान मागे वळून छताकडे लागली होती, आणि तिची आई तोंडावर हात दाबून उभी होती.

"तोंड दाखवतोय!" गोदाम ओरडलं.

काकांनी शाल टाकली, काटा दाखवला, हात आत घातले. आणि त्याच क्षणी चौथऱ्यावर चढून आत्याने शालीवरूनच त्यांचं उजवं मनगट धरलं. एकतीस वर्षं झटापट करणारे पेशंट सावरलेली पकड होती ती. सुटणार नव्हती.

"शाल काढा," ती म्हणाली.

"बाई, दूर व्हा! अर्ध्या वाटेत ताबा सोडला तर मुलीच्या जिवावर बेतेल!"

"शाल काढा."

शाल डॉक्टरीणबाईंनी काढली. आत्याच्या तक्रारीवरून त्या आणि औषध निरीक्षक मागच्या दाराने आत आले होते. काकांच्या उजव्या मुठीत काटा नव्हता. दोन मिलिलिटरची सिरिंज होती, सुई लावलेली, औषध भरलेली. काटा खुर्चीखाली पडला होता.



"हे... हे माध्यम आहे," काका म्हणाले. "शक्ती कुठल्या तरी वाटेनेच जाते ना? काटा काय, सुई काय..."

"शक्तीचं नाव प्रोमेथाझिन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या पिशवीतलं सीलबंद इंजेक्शन काढलं, नाव मोठ्याने वाचलं, तारीख वाचली, आणि सगळ्यांसमोर, शाल न टाकता, मंत्र न म्हणता मुलीच्या दंडात दिलं. "आता घड्याळ बघा. पंधरा ते वीस मिनिटं लागतील. यात माझा हातगुण काही नाही. कुठल्याही नर्सने दिलं तरी तेवढीच मिनिटं लागतील."

त्या पंधरा-वीस मिनिटांत निरीक्षकांनी प्रयोगशाळेचा अहवाल वाचून दाखवला. आत्याने फडताळातून नेलेल्या त्या शिशीत काय सापडलं ते. चौथऱ्यामागच्या लोखंडी कपाटातून थेंबांच्या बाटल्या निघाल्या, नावाच्या चिठ्ठ्या खरवडून काढलेल्या. आणि मोकळेकाका पूर्वी एका खासगी दवाखान्यात अकरा वर्षं कंपाउंडर होते, हेही तेव्हाच बाहेर आलं. आपले हात चालतात आणि नाव डॉक्टरचं होतं, याचा त्यांना फार राग असे, असं तिथल्या माणसाने नंतर सांगितलं.

अठराव्या मिनिटाला मुलीची मान सरळ झाली. टाळी कुणीच वाजवली नाही.

मग मागून एक आवाज आला: "सुई तर सुई! गुण येतो ना? लोकांना बरं वाटतं ना?"

"हो ना! डॉक्टर तरी दुसरं काय करतात?"

"यांच्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही!"

गर्दीने हां-हां म्हणता रंग बदलला. एकाने चौथऱ्याच्या दिशेने चप्पल भिरकावली. ती आत्याच्या खांद्याला लागली. फसवणाऱ्यावर माणसं जेवढी चिडत नाहीत, तेवढी फसवणूक दाखवणाऱ्यावर चिडतात. आत्या काही बोलणार, तोच खालून कुणीतरी चौथऱ्याची पायरी चढलं. वहिनी होती. ती येईल असं आत्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आठवडाभर दोघींत शब्द नव्हता.

"माझा मुलगा याच खुर्चीत बसला होता," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिला सगळे ओळखत होते. "तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मीपण वाजवल्या. गुण आला होता. मग यांनी पाणी बंद केलं, आणि सांगितलं, परत झालं तर तुझीच लबाडी. पोराने तोंड उघडलं नाही. आज त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं आहेत. ज्याला बघायचंय त्याने इस्पितळात येऊन बघा. दुसरा मजला, सहावी खाट."

आणि ती खाली उतरून निघून गेली. आत्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

निरीक्षक काकांना घेऊन निघाले तेव्हा काका आत्याजवळ थांबले. आता त्यांच्या आवाजात व्यासपीठ उरलं नव्हतं. "सिस्टर, खरं सांगा. यातला एक तरी तुमच्या वॉर्डाची पायरी चढला असता का?"

"नसता चढला," आत्या म्हणाली. "मीही असाच विचार केला होता. म्हणूनच गप्प बसले. तुमच्या त्या किल्लीत माझाही हात आहे, हे मी पोलिसांना लिहून दिलंय."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण तशी ती संपली नाही. काकांना महिनाभरात जामीन मिळाला. गोदामात यायचे त्यांतले बरेचजण आता गावाबाहेरच्या एका बाईकडे जातात. ती नुसत्या फुंकरीने मोकळं करते म्हणतात. निदान फुंकरीत थेंब मिसळता येत नाहीत, एवढंच समाधान. वॉर्डाची पायरी चढले ते सगळे मिळून नऊजण. त्यात ती एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिला वेगळं औषध लागलं, आठवड्याला एकदा बोलायला बसावं लागलं, सावरायला तीन महिने लागले. यात चमत्कार काही नव्हता. ती बरी झाली.

भाचाही सुधारला. आवाज पुन्हा लांब गेले. आता कधीतरी, दमला असला तरच येतात, आणि आले की तो डॉक्टरीणबाईंना सांगतो. छापखान्याने त्याला मोजणीच्या टेबलावर घेतलं. तो डाव्या हाताने लिहायला शिकतोय. वहिनी आत्याशी बोलते, पण कामापुरतंच. गोळ्यांच्या वेळा, तपासणीची तारीख.

एक दिवस तपासणीच्या रांगेत बसले असताना भाचा म्हणाला, "आत्या, एक विचारू? तुला पहिल्यापासून माहीत होतं ना?"

"हो रे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस का?" आत्या चाचरत म्हणाली. "तेव्हा तुझी अवस्था..."

"माहीत नाही. कदाचित नसतं ऐकलं." तो म्हणाला. "पण आवाज लांब गेले होते ना, ते पाच आठवडे, तेव्हा मी ठीक होतो. तेव्हा तू सांगितलं असतंस, की हे औषध आहे, हे सोडू नकोस, तर मी सोडलं नसतं. आईने फेकलं. काकांनी दिलं. काकांनी बंद केलं. तू गप्प राहिलीस. तुम्ही सगळ्यांनी ठरवलं. मला कुणी विचारलंच नाही."

आत्याने पिशवीतली त्याच्या औषधांची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. 

तेव्हापासून आत्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. नवी माणसं येतात. कुणी गळ्यात काही बांधून, कुणी कुठलंसं पाणी पिऊन, सगळी घाबरलेली आणि थोडी शरमलेली. आत्या त्यांना फार शहाणपण शिकवत नाही. ती एवढंच सांगते: मन आजारी पडतं, जसं पोट बिघडतं, जसं हाड मोडतं. यात लाज कसली? जो कुणी औषध देईल, मग तो शर्ट घातलेला असो की झगा, त्याला विचारा: याचं नाव काय? हे काय करतं? याने त्रास काय होईल? कधी थांबवायचं, आणि कसं? सांगत नसेल तर उठा आणि चालू लागा. आणि सांगितलं, तर ज्याचा आजार आहे त्याला आधी सांगा. त्याच्या समोर बसून, त्याला समजेल अशा शब्दांत. त्याला कळतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं.